आधी भाला

हिद्दला चौथ्या मजल्यावर, एसीच्या घरघरीत
शर्वाणी मला समुद्र शिकवते.
अकरा वर्षांची. पाय सोफ्याच्या पाठीवर, कंट्रोलर पोटावर.
मी नुकताच गोदीवरून आलेला,
उजव्या कानात दुपारचं पाणी अजून बसलेलं,
चहावर साय धरलेली.

पडद्यावर दुकान उघडलंय
बुडालेल्या गलबताच्या पोटात. दुकानदार म्हातारा माकूल,
सगळ्या हातांनी एकदम मोजतो.
तिच्या गाठीला साठ शिंपले.
हवेची मोठी टाकी साठ.
भाल्याला नवं पातं, तेही साठ.
"बाबा, आधी काय?"

हवा, मी म्हटलं. ह्यात विचारायचं काय.
सोळा वर्षं मी टँकरांच्या बुडाखाली
शेवाळ नि कालवं खरवडतोय
पिवळ्या नळीतून येणाऱ्या हवेवर,
आणि वर तराफ्यावर बसून रोडेल
माझ्या मिनिटांचा हिशेब वहीत लिहितो.
हवा असली तर माणूस असतो.
पात्याचं बघू मागाहून.

ती हसली. कीव केल्यासारखी नव्हे, गणिताच्या बाईंसारखी.
"बोथट भाल्याने एका हामूरला चार घाव.
चार घाव म्हणजे चार दम.
मासा निसटतो, तू रिकामा वर येतोस,
मग टाकी घेणार कशाने?
धारेचा भाला, एक घाव. उरलेला दम तुझाच.
आणि हे आत्ताच, पहिल्याच खाडीत.
पुढे मासे जाड कातडीचे होतात, पातंही महागतं.
तू ना बाबा, नुसता टिकतोस."

नुसता टिकतोस.

खाली घरमालकाच्या दिवाणखान्यात
त्याच्या पणज्याचा नाकचिमटा काचेत ठेवलाय,
कासवाच्या पाठीचा. मोत्यांसाठी बुडायचा माणूस.
हवा स्वतःच्या छातीतली, दोरी मात्र नोखद्याच्या हातात
आणि कर्जाची वही त्याच हातात.
आमच्या आचऱ्याला नाखवा म्हणतात त्याला.
शब्द तोच, तितकाच खारा.

मी आलो त्या वर्षी पाण्याखालच्या वेल्डिंगचा कोर्स
साडेतीनशे दिनारला होता.
रोडेलने उसने काढून केला, पहिल्याच हिवाळ्यात;
सहा महिने खुबूस आणि डाळ.
मी म्हटलं, पुढच्या वर्षी.
मग एजंटचे, मग आईच्या डोळ्याचे, मग भावाच्या होडीच्या इंजिनाचे,
मग शर्वाणीच्या शाळेचे.
सगळी हवाच होती ती. एक फिल्स वाया नाही.
प्रत्येक वेळी कोणीतरी श्वास घेत राहिलं
आणि माझ्या हातात तीच खरवडणी.
कोर्स आता नऊशेवर गेलाय. वयाची अटही आहे म्हणे.

तिने भाला घेतला.
लहान टाकी, खोल घळ, हिरवं काळं होत जाणारं.
कपारीत हामूर, तोंड उघडं.
हवेची लाल रेघ टिकटिकायला लागली
आणि नकळत मी दम रोखून धरला.
रोखायचा नसतो कधीच, हा आमचा पहिला धडा.
एक घाव.
वर आली तेव्हा रेघ नखाएवढी.
"बघ."

बघितलं.
जरा वेळाने विचारलं, सहज विचारावं तसं:
आणि एखाद्याने भाला घेतलाच नाही,
पार चौथ्या समुद्रापर्यंत, तर?

पडद्यावरून नजर न काढता ती म्हणाली,
"मग छोटे मासे. ढीगभर.
वेळ लागतो. पण होतं."

स्वयंपाकघरातून ऊर्मिलाची हाक आली.
हामूर परवडला नाही आज, साफीच आणलीय,
बारीक आहे, काटे सांभाळून खा.
मी उठलो. कान एकदा झटकला.
पाणी काही निघालं नाही.