पंधरा जुड्या

ऐरोलीत, सेक्टर दहाच्या मैदानावर,
हाय टेन्शनच्या तारांखाली माझं टेबल.
एक पाय आखूड; त्याखाली
गेल्या वर्षीच्या निकालपत्रकाची घडी.
डिसेंबरची सकाळ, खाडीचा खारट वास,
आणि मी पेन्सिलीला टोक काढतोय.
पेन चालत नाही कुरियाकोस सरांना.
"खोडरबर जवळ ठेवा," म्हणतात, "वापरू नका."

चौदा वर्षांखालच्यांचा बेसबॉल.
हेल्मेट डोक्याहून मोठी, घोषणा छातीहून.
पोरं बॉल बघतात, आया पोरांना बघतात,
मी फक्त एक उजवा हात बघतो.
बॉल सुटला की एक रेघ.
चार उभ्या, पाचवी आडवी, झाली जुडी.
पंधरा जुड्या झाल्या की हात थांबवायचा.
समोरचा बॅटर तेवढा संपवायचा, पुढचा नाही.
कोवळं कोपर स्वतः बोलत नाही
म्हणून मला इथं बसवलंय.

मोजणं मला नवं नाही.
एकवीस वर्षं जकात नाक्यावर काढली,
रात्रपाळीला ट्रक मोजत.
सोळा आले, पंधरा लिही
असं कुणी तोंडानं म्हणत नसे.
चहा येई, चहाबरोबर खारी येई,
आणि सोळावा ट्रक अंधारात विरघळून जाई.
नाका बंद झाला, वह्या रद्दीत गेल्या.
तो सोळावा मात्र अजून कधीमधी
माझ्या झोपेत रिव्हर्स घेतो.

तर, शेवटची इनिंग. दोन आउट, एका धावेची आघाडी.
विहंग भोपी, गोठिवलीचा, तेरा वर्षांचा,
टोपी काढून कपाळ पुसतो
आणि नवा बॅटर येऊन उभा राहतो.
मी हात वर केला.
"पंचाहत्तर."

त्यांच्या कोचच्या मुठीतलं टिकटिक यंत्र म्हणालं, बाहत्तर.
एका आईचा मोबाइल म्हणाला, चौऱ्याहत्तर,
पण मध्ये फोन आला होता, हेही तिनंच सांगितलं.
विहंगचे वडील जाळीशी आले.
"काका, एकच तर पोरगा राहिलाय."
इतक्या हळू, इतक्या आर्जवानं,
की मला खारीचा वास आला.

सरांनी मास्क काढला.
गालांवर पट्ट्यांचे वळ.
आवाज चढवला नाही, नुसते वहीवर वाकले.
"दाखवा."

तिसरी इनिंग. लागोपाठ तीन फाउल,
तिन्ही जाळीपलीकडे रिक्षा स्टँडवर.
तिसरा तर एका रिक्षात, मागच्या सीटखाली सापडला.
शोधायला कोच स्वतः धावले होते;
यंत्र दाबायचं कुणाला सुचणार?
बॉल फुकट जातो, हात फुकट जात नाही.

"बरोबर," सर म्हणाले,
मग त्यांच्या त्या केरळी मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं:
"मुलगा आता थांबतो."

दुसरा आला, लहानखुरा, पाय कापत होते त्याचे.
सात बॉलांत सामना गेला.
मी त्या सातांच्याही रेघा ओढल्या.
वडील माझ्याकडे न बघता गाडी काढायला गेले.

तंबू उतरत होता तेव्हा विहंग टेबलापाशी आला,
कोपरावर रुमालात बांधलेले दोन पेप्सीकोला.
"हे सगळे माझे?"
प्रत्येक जुडीवर बोट ठेवत गेला,
तिसऱ्या इनिंगपाशी थांबला.
"हा रिक्षातला?"
"तोच."
थोडा वेळ गेटाकडे बघत राहिला.
"मी पण मोजत होतो," म्हणाला.
"किती आले?"

त्यानं उत्तर दिलं नाही.
रुमालातून एक नारिंगी थेंब
नेमका शेवटच्या आडव्या रेघेवर पडला.
त्यानं घाईघाईनं बाहीनं टिपला.
पेन्सिल होती,
पसरली नाही.