सील शाबूत

द्रोणागिरीच्या यार्डात, सातव्या ओळीत, एकटाच
एक निळा डबा, चाळीस फुटी, दारावर गंजाचे पोपडे.
कागदावर: शेतीची अवजारे, सुटे भाग.
वजन अठरा टन.
काटा म्हणाला, चोवीस.
काट्याला बिचाऱ्याला कुणी परराष्ट्र धोरण शिकवलेलं नाही.

मी सर्व्हेअर. माझं काम सील बघणं:
नंबर जुळतो का, बोल्ट हलतो का, कुणी हात लावला का.
आत काय आहे ते बघणं माझं काम नाही,
हे नोकरीच्या पहिल्याच दिवशी
शशिकला ठाकूर मॅडमनी सांगितलं होतं
डबा उघडता उघडता.
म्हणजे जेवणाचा.

आवई उठली मंगळवारी.
आवईला आईबाप नसतात, नुसते नातेवाईक:
गेटवरचा शिपाई, फॉरवर्डरचा पोरगा,
आणि दिल्लीतलं कुणी विश्वसनीय सूत्र.
बुधवारी आमचा डबा पेपरात आला.
गुरुवारी एका देशानं चिंता व्यक्त केली.
दुसऱ्यानं त्या चिंतेबद्दल खेद व्यक्त केला.
तिसऱ्यानं, ज्याच्या नावावर माल होता म्हणे,
असा माल नाहीच, असं सांगितलं,
आणि असलाच तर ते नांगराचे फाळ आहेत, असंही.
आपण घडामोडींवर बारकाईनं लक्ष ठेवून होतो.
आपण म्हणजे मी.
रात्रपाळीला दुसरं कुणी नव्हतं.

शुक्रवारी वकिलातीतला एक माणूस आला.
उन्हात टाय, बुटांना खाडीचा चिखल, सोबत दुभाषी.
डब्याजवळ जायची परवानगी नव्हती,
म्हणून कुंपणाला नाक लावून उभा राहिला,
इस्पितळात काचेबाहेरून बघतात तसा.
मग दुभाष्यानं विचारलं, साहेब म्हणतात, हा जड वाटतो का?
मी म्हणालो, सील शाबूत आहे.
दुभाष्यानं त्या तीन शब्दांचं कायकाय लांबलचक केलं.
साहेब बराच वेळ गप्प.
जाताना माझ्याकडे वळून, दुभाष्याला मागे ठेवून,
मोडक्या हिंदीत म्हणाला,
ये जिधर जाता है, उधर मेरा बहन रहता है.

मी तेव्हा चहाचे पैसे दिले. त्याच्याही चहाचे.
आणखी काय देणार?

हे यार्ड आहे ना, इथं आमचं मिठागर होतं.
काका मीठ मापायचा. मापाला अंगठा लावला
की जीभ सात पिढ्या खारट राहते, म्हणायचा.
खाल्ल्या मिठाला जागावं.
कोणत्या, ते सांगायच्या आधीच भराव पडला.
आता साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर, चौथ्या मजल्यावर बसून
मी पिशवीतलं खातो, आयोडीन घातलेलं,
आणि तेही बायको म्हणते जास्त घेतो.

अकराव्या रात्री, पावणेतीनला, सुटकेचा कागद आला.
खाली सही होती, वाचता येणार नाही अशी.
गजानन भोईरनं रीच स्टॅकर लावला,
डबा उचलताना मशीन कण्हलं,
मागची चाकं जराशी उचलल्यासारखी झाली.
गजानन काचेतून ओरडला:
फाल हान सांगतान ना रं?
मंग यो शेत कोनाचा?

मी टॉर्च सीलवर धरला.
नंबर जुळला. बोल्ट हलला नाही. कुणी हात लावला नव्हता.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं ते ठरलेलंच असतं.
तरी पेन दोनदा झटकलं,
शाई होती तरी.

शनिवारी तिन्ही देशांनी समाधान व्यक्त केलं.
मी दिवसपाळीला होतो.
सातव्या ओळीत जागा मोकळी,
पेव्हर ब्लॉकमध्ये चार कोपऱ्यांचे चार खड्डे,
अठरा टनांना पडतील
त्याहून खोल.