नाव उतरवताना

रात्री अकराला फोन आला :
शेजारच्या देशाशी बिनसलंय,
त्यांच्या विमान कंपनीचं नाव
उजाडायच्या आत सगळ्या स्टॉक कारवरून गेलं पाहिजे.

हीट गन, प्लास्टिकची पट्टी, थिनरचा डबा.
रोमेल दारांवर, मी बॉनेटवर.
ऊब दिली की गोंद सुटतो,
घाई केली की रंगही येतो सोबत.
परकारभाई म्हणाले, दोस्ती चिकटवायलाही
आपल्यालाच बोलावलं होतं.
कुणी हसलं नाही.
मग एकदमच सगळे.

संध्याकाळी मंत्र्यांनी हिरवं निशाण हलवलं.
रास अल खैमाच्या वाळूवर ड्रोन घिरट्या घालत होते,
कुणी गायिका सेल्फी काढत होती टायरांच्या ढिगापाशी,
आणि कॅमेरा बॉनेटवरून असा सरकला
जणू तिथे कधी काही नव्हतंच.

पण उतरत्या उन्हात तिरकं पाहा.
चार हंगाम झाकलेला रंग
भोवतीच्या रंगापेक्षा ताजा राहतो;
अक्षर न् अक्षर लागतं.

दापोलीहून मुलाचा फोन :
बाबा, सात नंबर जिंकली! तुम्ही दिसलाच नाहीत.
म्हटलं, बॉनेटवर डावीकडे
नवा स्टिकर जरा वाकडा बसलाय, पाहिलास?
तो म्हणाला, गाडी फार जोरात होती.