धडा सातवा : पत्ता

टिळक रोडला, चष्म्याच्या दुकानावरच्या माडीत,
मंगळवार-शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा.
बाक कॉलेजच्या पोरांच्या मापाचे,
मी गुडघे तिरके करून बसतो.

ओवी चिरमुले, वय तेवीस, मला 'सेन्योर खळदकर' म्हणते.
एकतीस वर्षं सदाशिव पेठेत टपाल वाटलं,
सेन्योर कोणी म्हटलं नव्हतं.
'काय हो, आहे का काही?' एवढंच,
तेही दार अर्धं उघडून.

लेक बुर्गोसला. मे-जूनमध्ये तिच्याकडे जायचं.
ती दिवसभर प्रयोगशाळेत.
म्हणते, बाबा, फोनमध्ये नकाशा असतो.
असू दे.
पाव आणायला तरी आपल्या पायांनी जाऊन
आपल्या तोंडाने विचारून परत यावं माणसानं.

तोदो रेक्तो : नाकासमोर.
आ ला देरेचा : उजवीकडे.
इस्किएर्दा : डावीकडे. हा शब्द दाढेत अडकतो,
चिक्कीतल्या शेंगदाण्यासारखा.
एस्कीना म्हणजे कोपरा,
आणि मी तीनदा 'कोपऱ्याकडे वळा'च्या जागी
'डावीकडे डावीकडे वळा' म्हणालो.
वर्ग हसला. मीही.
तसं वळलं तर माणूस बरोबर
भिकारदास मारुतीला येतो, ते त्यांना कुठे ठाऊक.

गृहपाठ : घरापासून क्लासपर्यंतचा रस्ता. पाच वाक्यं.
रात्री जेवण झाल्यावर वही घेतली.
पहिलं वाक्य जमलं, नाकासमोर.
दुसऱ्याला पेन थांबलं.
कारण पुढे गिरणीपाशी वळायचं,
आणि गिरणी नाही.
होती. तिथे आता दातांचा दवाखाना,
पण 'दवाखान्यापाशी वळा' म्हटलं
तर माझंच मला पटेना.
मग जांभळाचं झाड. होतं.
मग परांजप्यांची सायकली भाड्याने देण्याची टपरी. होती.
मग तो बोळ, जो आता इमारतीच्या पोटात आहे.

शुक्रवारी ओवीला म्हटलं, बाई, 'होतं'ला काय म्हणतात?
ती म्हणाली, भूतकाळ एकोणिसाव्या धड्यात, जुलैमध्ये.
तोवर वर्तमानात सांगा, सेन्योर.
म्हटलं, वर्तमानात पुण्याचा पत्ता सांगता येत नाही.
मागच्या बाकावरची तांबोळी म्हणाली, खरंय,
आमचं घर अजून 'बर्फाच्या कारखान्यामागे' आहे,
मी बर्फ काय, कारखानाही बघितलेला नाही.

ओवीने खडू उचलला.
एकच देते, म्हणाली, उधार.
había.
वाचायचं 'आबिया'. होतं, होती, होते, सगळ्याला तेच.
पहिलं अक्षर ह.
लिहायचं, उच्चारायचं नाही.

मला कळलं ते अक्षर.
अशी पत्रं मी वाटली आहेत :
पाकिटावर नाव स्वच्छ, वळणदार,
आणि दारात जाऊन ते मोठ्याने घ्यायची
हिंमत होत नाही.
आतून सून यायची, पदराला हात पुसत,
पाकीट बघायची, म्हणायची, ठेवा इकडे.
नियम सांगतो 'मयत' लिहून परत पाठवा.
मी कैक वेळा नाही पाठवलं.

परतताना खजिना विहिरीपाशी
पिवळ्या टी-शर्टातला एक डिलिव्हरीचा पोरगा,
फोन एकदा उभा, एकदा आडवा धरून :
काका, गिरिजाशंकर सोसायटी?
तोदो... म्हणालो, आणि जीभ चावली.
सरळ जा. गिरणी होती ना, तिथून...
कुठली गिरणी, काका?
त्याच्या पिशवीत कुणाची तरी बिर्याणी निवत होती.

चल, म्हटलं, दाखवतो.
मी पुढे चालत, तो मागून पहिल्या गिअरमध्ये,
आणि दातांच्या दवाखान्यापाशी
मी हळूच म्हणून बघितलं :
आकी आबिया उन मोलीनो.
काय म्हणालात?
काही नाही रे. इथून डावीकडे.