तिसरं कडवं

चाल तमाशातली, म्हणून चिंतोपंत मास्तरांनी
बेचाळीसच्या फेरीत म्हणू दिलं नाही.
पोरं मणेराजुरीच्या वाटेवर गात गेली,
फौजदारानं दोघांना फोडून काढलं,
तेव्हा कुठं ते देशाचं गाणं झालं.

पुढं कुणी म्हणालं, रडकं आहे.
नामा ऐवळ्यानं रचलंय कळल्यावर
काहींना एकदम लांबलचक वाटायला लागलं.

यंदा तासगावच्या शाळेत पेटीवर मी.
दोनच कडवी घ्या, हेडबाई म्हणाल्या, ऊन आहे.
तिसऱ्यात विहीर आहे.
पाणी कुणाचं, असं विचारलंय.

भाता मिटला. टाळ्या झाल्या.
कडेच्या खुर्चीत नामाची तानूबाई
अजून ओठ हलवत होती,
आणि माझी बोटं
मुक्या पट्ट्यांवर
तिच्या मागं मागं.