चौकोन क्रमांक ४१०७

पाषाणला, तिसऱ्या मजल्यावर, पडदे ओढून
मी दिवसभर हिरव्याचे तुकडे करते.
एक तुकडा दहा मीटर बाय दहा मीटर,
आमच्या सोसायटीच्या पार्किंगएवढा.
उपग्रह पाच दिवसांनी येतो
मीटर रीडिंगवाल्यासारखा,
आकडा टिपतो, वर बघायच्या आत निघून जातो.

यंत्राला मी शिकवलंय :
माघात पान गाळून उघडा पडतो तो साग.
बारा महिने एकाच रंगात राहते ती निलगिरी,
सहा वर्षं उंच, सातव्या वर्षी एकदम सपाट,
म्हणजे ट्रक येऊन गेला.
यंत्र हुशार आहे. शंभरात अठ्ठ्याऐंशी बरोबर.
उरलेल्या बारांसाठी मला जीप मिळते.

पौड मागे टाकून, मुळशीच्याही पुढे,
चौकोन क्रमांक चार हजार एकशे सात.
यंत्राचं म्हणणं : दाट जंगल.
उभी राहिले तर रांगा.
तीन-तीन पावलांवर खोड, सोललेली साल,
शेंडे चैत्रातच करपलेले,
आणि खाली एकही मुंगी नाही.

बांधावर ठकूबाई मरगळे, सात शेरडं.
विचारलं, मावशी, इथं आधी काय होतं?
"आधी म्हंजी? ह्याच्या आधी,
का ह्याच्या आधीच्या सुबाभळीच्या आधी?"
मी वहीत दोन ओळी मोकळ्या सोडल्या.
"गवात व्हतं. मानूस बसला तर दिसायचा न्हाई.
लाव्हऱ्या अंडी घालायच्या त्यात.
मग सायेब आलं, म्हनलं, पडीक हाय."

तिनं निलगिरीचा डहाळा मोडला,
शेळीपुढे धरला.
शेळीनं हुंगला आणि दुसरीकडे बघत राहिली,
लग्नात नावडत्या पाहुण्याकडे बघावं, तशी.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं : शेळी खात नाही.

डॉ. इनामदारांनी ते खोडलं नाही.
फक्त म्हणाले, "ह्याला एकक काय?"
मग दोन हजार पन्नासचा नकाशा उघडला :
दोन अंश जास्त ताप, पाऊस तेवढाच पण कमी दिवसांत,
तरी चार हजार एकशे सात गडद हिरवा,
लागवडीस योग्य.
करपलेले शेंडे वरून दिसत नाहीत,
शेजारच्यांची सावली पडते त्यांच्यावर.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी एक नवा वर्ग केला. नववा.
नाव दिलं : गवत होतं.
रंग निवडायला बराच वेळ लागला.
त्यात एकच चौकोन ठेवला.

रात्री नकाशा आपोआप साफ होतो.
एकटा चौकोन म्हणजे चूक, असं धरून
आजूबाजूचे आठ त्याला आपल्यात घेतात.
हा नियम मीच लिहिलाय, दोन वर्षांपूर्वी,
आणि त्यावर शाबासकीही घेतलीय.

सकाळी पाहिलं. चार हजार एकशे सात हिरवा.
दाट जंगल.

डब्याच्या पिशवीत मात्र एक कुसळ निघालं,
त्या बांधावरचं, कापडात रुतून बसलेलं.
ओढायला गेले
तर आणखी आत गेलं.