त्रेपन्न

उदगीरच्या मोंढ्यात, वजनकाट्याच्या खोलीत
बारदान्याच्या वासात बसलेय मी लॅपटॉप उघडून.
हातात कागदी पावती:
१०२३०४११२७०००६१५३.
सतरा अंक. सोयाबीन, अकरा कट्टे,
शेषाबाई भुरे, मुक्काम हाळी.

पडद्यावर मात्र शेवटी बावन्न.
बावन्न म्हणजे मैनोद्दीन सौदागर.
बाईचे पैसे त्याच्या खात्यात गेले,
आणि तो सकाळपासून बाकड्यावर बसलाय
परत करायला.
घेणारीच सापडत नाही मशीनला.

मुनीम बिडवे म्हणाले, एकाचाच तर फरक आहे.
मी रात्री बाराशे पावत्या उपसल्या.
विषम एकही उरली नव्हती.
हा आकडा त्रेपन्न बिटांपर्यंत इमान राखतो,
पुढं जोडीजोडीनंच पाऊल टाकतो,
मधे सापडलेल्या एकट्याला
ढकलून देतो शेजाऱ्याच्या दारात.

"काय मोजूलालीस, बाई?"
महेबूबचाचा. काटा आला, हातातलं माप गेलं,
जीभ अजून मापाड्याचीच.
लाभ, दोन, तीन...
'एक' असं कधी म्हणाला नाही.
विसावर आला की मूठभर ज्वारी बाजूला,
पुन्हा लाभ.
ढीग संपला की फक्त मुठी मोजायच्या.
"इत्ता बडा आंकडा मुंडी में कौन रखता?"

कोण ठेवतं खरंच.
मी आठ खण मांडले मेमरीत, एकाला एक लागून.
एका खणात दोनशे पंचावन्न मावतात,
एक दाणा जास्त झाला की खण रिकामा
आणि शेजारच्यात एक मूठ.
शाळेत एकं दहं शतं म्हणत
परार्धापर्यंत पोचलो की घसा सुकायचा,
इथं परार्ध बसतो आणि वर जागा उरते.

पहिला खण रिकामा.
दुसऱ्यात छत्तीस.
मधले मला पाठ नाहीत.
शेवटच्यात एकशे सदतीस,
मैनोद्दीनच्या तिथं एकशे छत्तीस.
तो एक दाणा. तेवढाच.

वाचायला गेले तर शेषाबाईची पावती वजा!
अकरा कट्टे सोयाबीन, नंबर वजा काहीतरी अफाट.
बिडवे हसले. मला घाम.
काट्याची पेटी खण भरते मोठ्याकडून,
माझं यंत्र वाचतं धाकट्याकडून,
दोघं आपापल्या जागी बरोबर.

चूक कुणाची म्हणू?
आपणच तोंडानं म्हणतो त्रे-पन्न, तीन आधी,
आणि हात लिहितो पाच आधी.
जन्मभर दोन्हीकडून चालत आलोय
आणि एकदाही धडकलो नाही.
यंत्राला मात्र सांगावं लागतं,
कुठल्या टोकाला धरायचं.

सांगितलं. एका ओळीचं काम.
दुपारी दोनला नवी पावती निघाली, गरम, थोडी वाकडी.
शेषाबाईनं ती उजेडात धरली,
सतरा अंकांतले पंधरा सोडून दिले,
शेवटच्या दोनांवर अंगठा टेकवला.
"त्रेपन्न," म्हणाली, "हीच माझी."

मैनोद्दीन उठला, चहा सांगितला.
किती, विचारलं पोऱ्यानं.
चाचा म्हणाला, लाभ, दोन, तीन,
आणि बिडव्यांकडं बघून थांबला.